ब्रेत्सेलसाठी कॉस्टिक सोडा: घरच्या स्वयंपाकघरात वापरावा का?

म्युनिकवासी

बव्हेरियात ब्रेत्सेल नावाचा जो वेटोळ्याचा पाव मिळतो, त्याची तपकिरी, चकचकीत साल आणि तिचा खमंग, किंचित तुरट स्वाद हा कॉस्टिक सोड्यामुळे येतो. कच्च्या कणकेची वेटोळी भट्टीत घालण्यापूर्वी सोडियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजेच कॉस्टिक सोड्याच्या, सौम्य द्रावणात क्षणभर बुडवतात. या द्रावणाला येथे 'लाउगे' म्हणतात. घरी मी आजवर खाण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात वेटोळी बुडवून भाजत आलो आहे. पाव चविष्ट होतो, परंतु बेकरीतल्या ब्रेत्सेलशी त्याचे नाते लांबच्या चुलतभावाइतकेच उरते. साल फिकी राहते, चकाकी येत नाही आणि तो विशिष्ट स्वाद तर जवळपासही फिरकत नाही.

त्यामुळे आता खरे लाउगे वापरून पाहावे, असे मनात आहे. अडचण अशी की घरात दोन लहान मुले आहेत आणि सध्या पुण्याहून आई आलेली आहे. तुंबलेली मोरी मोकळी करण्याची वस्तू स्वयंपाकघरात आणणे हाच मुळात अविचार आहे, असे आईचे स्पष्ट मत आहे आणि ते मला सहजासहजी खोडून काढता येत नाही. इथल्या जाणकारांकडून मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. भाजल्यानंतर पावात हा सोडा शिल्लक राहतो का, घरगुती वापरात खरा धोका नेमका कोठे आहे, आणि एवढे सगळे करून मिळणारा फरक त्या धोक्याच्या मोलाचा आहे का? कृपया 'आमच्याकडे कोणाला काही झाले नाही' या धर्तीची उत्तरे टाळावीत, ही विनंती.

सामू_चौदा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांनी देता येते, म्हणून तेथून सुरुवात करतो. बेकऱ्यांतील लाउगे साधारण ३ ते ४ टक्क्यांचे असते. एक लिटर द्रावणात ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे बरोबर एक मोल, आणि अशा द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचा आकडा) १४ च्या आसपास जातो. खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा सामू सव्वाआठच्या आसपास असतो. हे मोजमाप दर अंकाला दहापटीने वाढत जाते. त्यामुळे सव्वाआठ आणि चौदा यांतील अंतर काही लाख पटींचे आहे, आणि तुमचा घरचा पाव फिका का राहतो याचे कारण तेवढ्यात आले.

भाजताना साखरेचे आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी संयोग पावून तपकिरी रंग आणि भाजका स्वाद तयार होतो, त्याला मेयार अभिक्रिया म्हणतात. परिसर जितका अल्कधर्मी, तितकी ती वेगाने होते. शिवाय तीव्र अल्कामुळे पृष्ठभागावरचा स्टार्च थंड द्रावणातच फुगून त्याची खळ होते. ती भट्टीत सुकली की चकाकी येते. खाण्याच्या सोड्याचे पाणी उकळते घ्यावे लागते ते याचसाठी, कारण तेथे खळ करण्याचे काम उष्णतेला करावे लागते.

आता शिल्लक किती राहते ते पाहू. समजा एका वेटोळ्याला ४ टक्क्यांचे ३ ग्रॅम द्रावण चिकटले. म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड ०.१२ ग्रॅम झाले. कणकेतून आणि भट्टीच्या हवेतून मिळणाऱ्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन त्याचे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, आणि पुढे काही प्रमाणात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडा तयार होतो. काही भाग कणकेतील आम्लांशी आणि प्रथिनांशी संयोग पावून संपतो. सगळ्याचे कार्बोनेट झाले असे धरले तरी ते सुमारे ०.१६ ग्रॅम भरते. सोडियमच्या हिशेबाने पाहिले तर हे ०.१८ ग्रॅम मिठाएवढे आहे, आणि ब्रेत्सेलवर जे जाड मीठ भुरभुरवतात ते सहज त्याहून जास्त असते. भट्टीतून नीट भाजून निघालेल्या ब्रेत्सेलमध्ये दाहक सोडा म्हणावा असा उरत नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या यादीत तो 'सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेला' पदार्थ म्हणून आहे, युरोपात त्याला ई ५२४ हा क्रमांक आहे आणि आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत आयएनएस ५२४. मात्र हे सारे खाणाऱ्यापुरते झाले. करणाऱ्याविषयी वैद्यकीय मंडळींनी बोलावे.

शंकेखोर

वरील हिशेब वाचून समाधान झाले असे म्हणवत नाही. आपल्याकडे दुधातील भेसळीच्या बातम्यांत कॉस्टिक सोडा वारंवार येतो, कृत्रिम दूध करण्यासाठी तो तेल आणि डिटर्जंटबरोबर वापरतात, आणि त्यावर सरकारी कारवाया होतात. एका ठिकाणी जो पदार्थ गुन्हा ठरतो, तोच दुसऱ्या ठिकाणी पारंपरिक पाककृती कशी होतो? युरोपीय लोकांनी केले की शास्त्र, आणि आपल्या गवळ्याने केले की भेसळ, असा हा मामला आहे का?

तेलगिरणी

शंकेखोर यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्यांनी तुलना चुकीच्या ठिकाणी केली आहे, असे नम्रपणे सुचवतो. मराठवाड्यात सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणात मी बरीच वर्षे काम केले. आपण जे 'रिफाइंड' तेल आणतो, त्यातील बरेचसे कॉस्टिक सोड्यातून गेलेले असते. कच्च्या तेलात सुटी मेदाम्ले असतात आणि त्यांच्यामुळे तेल खवट होते, धुरावते. अशा तेलात मोजून कॉस्टिक सोड्याचे द्रावण सोडले की त्या मेदाम्लांचा साबण होतो. तो अपकेंद्री यंत्राने वेगळा काढतात, मग तेल गरम पाण्याने धुऊन उरलासुरला साबण घालवतात आणि शेवटी निर्वात टाकीत पाणी उडवतात. पामतेलासारखी काही तेले वाफेच्या मार्गाने शुद्ध करतात, तेथे ही पायरी नसते. पण सोयाबीन आणि सूर्यफूल यांच्या बाबतीत हीच प्रचलित पद्धत आहे.

येथे सोड्याचे काम ठरलेले आहे, मात्रा मेदाम्ले मोजून काढलेली आहे आणि काम झाल्यावर तो काढून टाकण्याची पायरी प्रक्रियेतच आहे. दुधात तो घालतात ते आंबलेपण लपवण्यासाठी, किंवा तेल पाण्यात मिसळून दुधाचा आभास निर्माण करण्यासाठी. तो काढून टाकण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही, कारण तो दिसू नये हाच उद्देश असतो. रोझोलिक आम्लाची जी साधी चाचणी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुचवली आहे, तीत दुधाला गुलाबी-लाल रंग आला तर त्याचा आंबटपणा अशा पदार्थांनी मारलेला आहे असे समजतात. त्यामुळे गुन्हा सोड्यामुळे होत नाही, फसवणुकीमुळे होतो. तेथे गवळी युरोपीय असता तरी निकाल हाच लागला असता.

रात्रपाळी

मी आपत्कालीन विभागात काम करते, त्यामुळे धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नावर जरा विस्ताराने लिहिते.

आम्लाने भाजले तर ऊतींतील प्रथिने गोठून एक कडक थर तयार होतो आणि आम्लाला पुढे शिरायला काहीसा अडसर होतो. कॉस्टिक सोड्याच्या बाबतीत असे घडत नाही. तो प्रथिने विरघळवतो, चरबीचा साबण करतो आणि मऊ झालेल्या ऊतींतून आत आत जात राहतो. त्वचेवर पडल्यावर सुरुवातीला केवळ बुळबुळीत वाटते, वेदना उशिरा जाणवतात आणि तोवर माणूस हात धुवायला उठलेला नसतो. डोळ्यांत उडाला तर पारपटलाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) कायमची इजा होण्यास फार वेळ लागत नाही. युरोपीय वर्गीकरणात २ टक्के किंवा त्याहून अधिक सोडियम हायड्रॉक्साइड असलेले द्रावण त्वचादाहक म्हणून धरले जाते. म्हणजे ब्रेत्सेलचे 'सौम्य' लाउगे या रेषेच्या वर आहे. येथे सौम्य हा शब्द बेकरीच्या मापाने बरोबर असला, तरी डोळ्याच्या मापाने बरोबर नाही.

मुलांविषयीची काळजी मात्र सर्वांत मोठी आहे. कोरड्या सोड्याचे मणी साखरेसारखे दिसतात आणि द्रावण पाण्यासारखे दिसते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घरोघरी साबण करायला आणि साफसफाईला लाय, म्हणजे हाच कॉस्टिक सोडा, ठेवत असत आणि लहान मुले ती गिळत. अन्ननलिका भाजून नंतर व्रण आखडत जातो आणि ती इतकी अरुंद होते की पाण्याचा घोटही उतरत नाही. फिलाडेल्फियाचे कंठतज्ज्ञ शेव्हालिये जॅक्सन यांनी अशी असंख्य मुले तपासली आणि केवळ उपचारांवर न थांबता डब्यांवर विषाची स्पष्ट सूचना हवी, यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यातून १९२७ साली तेथे दाहक विषांच्या लेबलांविषयीचा संघीय कायदा झाला. आपल्याकडे आजही साफसफाईची द्रावणे पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवण्याची सवय आहे, आणि मला या संपूर्ण चर्चेत सर्वाधिक भीती त्या सवयीची वाटते, ब्रेत्सेलची नाही.

प्रथमोपचार असे आहेत. त्वचेवर कोरडे मणी पडले असतील तर ते आधी झटकावेत आणि मग वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवावे, भिजलेले कपडे काढून टाकावेत. लिंबू किंवा व्हिनेगर लावून सोडा 'मारण्याचा' प्रयत्न करू नये, कारण त्या खटाटोपात धुण्याचा मोलाचा वेळ जातो आणि अभिक्रियेची उष्णता जखमेवरच निघते. डोळ्यांत गेले तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ पाण्याची धार सोडावी, लेन्स असल्यास काढाव्यात आणि त्यानंतर, बरे वाटत असले तरी, रुग्णालय गाठावे. गिळले गेले तर तोंड धुवावे, परंतु उलटी करवू नये, कारण आत जाताना जी नळी एकदा भाजली ती बाहेर येताना पुन्हा भाजते. लिंबूपाणी, ताक वगैरे काही पाजत बसू नये. जर्मनीत ११२ आणि महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर तत्काळ संपर्क करावा आणि सोड्याचा डबा सोबत न्यावा.

उत्तरध्रुवाजवळ

नॉर्वेमधून लिहिते आहे. येथे नाताळच्या आधीच्या काळात लुटेफिस्क नावाचा पदार्थ आवडीने खातात (आवडीने हा शब्द मी नॉर्वेजियन शेजाऱ्यांच्या वतीने वापरते आहे). वाळवून लाकडासारखा टणक झालेला कॉड मासा आधी काही दिवस साध्या पाण्यात भिजवतात, मग लायच्या थंड द्रावणात साधारण दोन दिवस ठेवतात. मासा फुगतो, पारदर्शक होतो, त्याची थरथरणारी जेली बनते, आणि या अवस्थेत तो खाणे घातक असते, कारण लाय त्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेली असते. म्हणून पुढे पुन्हा कित्येक दिवस रोज पाणी बदलत तो धुवावा लागतो आणि त्यानंतरच शिजवतात.

हे सांगण्याचा हेतू असा की ब्रेत्सेलमध्ये लाय केवळ पृष्ठभागावर असते आणि भट्टी तिची विल्हेवाट लावते. लुटेफिस्कमध्ये ती आतवर असते आणि काढण्याचे काम फक्त पाण्याचे आणि वेळेचे असते. पहिल्या पद्धतीत बेफिकिरी झाली तर करणाऱ्याला इजा होईल, दुसऱ्या पद्धतीत खाणाऱ्यालाही होऊ शकते. येथेही बहुतेक कुटुंबे आता तयार, धुतलेला मासाच दुकानातून आणतात आणि मला त्यात शहाणपण दिसते. तसेच चांदीचे चमचे लुटेफिस्कबरोबर वापरू नयेत, ते काळे पडतात, ही सूचना येथील प्रत्येक सासू देते.

शंकेखोर

तेलगिरणी यांचे उत्तर पटले, हे मोकळेपणाने सांगतो. मात्र उत्तरध्रुवाजवळ यांच्या प्रतिसादातून नवा प्रश्न निर्माण होतो. लाय आतवर किती गेली हे कोणी पाहायचे? बाजारात मिळणाऱ्या हिरव्या ऑलिव्हवरही हीच प्रक्रिया करतात, असे ऐकतो.

सामू_चौदा

करतात. कच्चे ऑलिव्ह ओल्युरोपिन नावाच्या घटकामुळे असह्य कडू असते. स्पेनमधील सेव्हिलच्या पद्धतीत हिरवी फळे सुमारे दोन ते अडीच टक्क्यांच्या सोड्यात ठेवतात आणि द्रावण सालीपासून आठळीच्या दिशेने दोन तृतीयांश अंतर गेले की थांबवतात. फळ कापून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकला की लाय पोहोचलेला भाग गुलाबी होतो आणि सीमारेषा डोळ्यांना दिसते. शाळेच्या प्रयोगशाळेत टायट्रेशन करताना वापरले होते तेच हे दर्शक द्रव्य. पुढे फळे धुऊन मिठाच्या पाण्यात आंबवतात आणि आंबताना तयार होणारे लॅक्टिक आम्ल उरलेला अल्क संपवते. म्हणजे कोणी पाहायचे, या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. मात्र ते घरच्या ओट्यावर देण्याचे नाही.

उडीदमूग

इतकी चर्चा होऊनही पापडखाराचे नाव कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. आपल्या उडदाच्या पापडाला जो खार लागतो तो लाय नसली तरी तिचा सख्खा नातलग आहे. पापडखारात मुख्यतः सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असते. पूर्वी सज्जीखार वापरत, तो खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या राखेतून मिळवत. त्याच्यामुळे उडदाच्या पिठाला चिकटपणा आणि ताण येतो, पापड पातळ लाटता येतो आणि भाजल्यावर फुलतो. जास्त झाला तर पापड लाल पडतो आणि जिभेला साबणासारखी चव लागते, हे पापड लाटणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. जपानी रामेनच्या शेवयांतही सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचे असेच मिश्रण घालतात आणि त्यामुळे त्या पिवळसर व लवचिक होतात.

याच संदर्भात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची आठवण होते. तेथील सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या आसपास, आणि उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर सोडा साचत असे. दल्ला, खुप्पल, भुस्की अशी त्याच्या प्रकारांना वेगवेगळी नावे होती. काच आणि साबण करण्यासाठी लागणारी सगळी सामग्री लोणारच्या डोंगरात मिळते, अशी नोंद अकबराच्या काळातील 'आइन-ए-अकबरी'मध्ये आहे. म्हणजे खाराचा हा व्यवहार आपल्याकडेही जुनाच. फरक एवढा की आपण कार्बोनेटवर थांबलो आणि जर्मन मंडळी हायड्रॉक्साइडपर्यंत गेली.

आता प्रत्यक्ष उपयोगाचे. धागाकर्त्यांनी मधला मार्ग वापरून पाहावा. खाण्याचा सोडा स्टीलच्या ताटात पसरून ओव्हनमध्ये सुमारे १४० अंशांवर तासभर भाजला की त्यातील पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याचा सोडा उरतो. १०० ग्रॅमचे सुमारे ६३ ग्रॅम झाले की काम पूर्ण झाले असे समजावे. वजनकाटा असल्याने अंदाज करावा लागत नाही. या सोड्याच्या द्रावणाचा सामू साडेअकराच्या आसपास असतो. एका लिटर पाण्यात ५० ते १०० ग्रॅम घेतले तर रंग खाण्याच्या सोड्यापेक्षा कितीतरी गडद येतो. बुडवल्यावर वेटोळी साध्या पाण्यात क्षणभर विसळून घ्यावीत, नाहीतर साबणासारखी चव मागे राहते. हा सोडाही डोळ्यांना आणि ओल्या हातांना झोंबतो, त्यामुळे हातमोजे घालावेतच. मात्र लाउगेच्या तुलनेत हा धोका फार खालच्या पायरीवरचा आहे. घरचा पापडखार यासाठी वापरू नये, असे माझे मत आहे, कारण त्यात नेमके काय आणि किती आहे हे पुडीवर क्वचितच लिहिलेले असते.

म्युनिकवासी

सर्वांचे आभार. उडीदमूग यांच्या पद्धतीने या शनिवारी करून पाहीन. तरीही खऱ्या लाउगेचा विचार मी सोडलेला नाही, त्यामुळे काही व्यावहारिक प्रश्न विचारतो. मोरी साफ करण्यासाठी जो सोडा मिळतो त्यावर '१०० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड' असे लिहिलेले असेल तर तो चालतो का? भांडी कोणती घ्यावीत? आणि बेकरीत लोक प्रत्यक्ष काय करतात?

भट्टीवाला

श्टुटगार्टजवळ एका बेकरीत मी तीन वर्षांचे प्रशिक्षण घेतले आणि आता तेथेच काम करतो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

मोरीचा सोडा चालत नाही. अनेक उत्पादनांत त्याच्याबरोबर ॲल्युमिनियमचे कण आणि इतर क्षार घातलेले असतात. शुद्ध म्हणून विकला जाणारा औद्योगिक सोडाही खाद्य दर्जाचा असेलच असे नाही. जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत मिठाच्या पाण्यातून वीज सोडताना पाऱ्याचा इलेक्ट्रोड वापरत आणि त्या सोड्यात पाऱ्याचे अंश उतरण्याची शक्यता असे. खाद्य दर्जाच्या सोड्यात पारा, शिसे, आर्सेनिक यांच्या मर्यादा तपासलेल्या असतात, आपण जास्तीचे पैसे देतो ते याच तपासणीसाठी. खरे तर मणी विकत घेऊच नयेत. खाद्य दर्जाचे तयार, सौम्य ब्रेत्सेल-लाउगे येथे मिळते, काही औषधविक्रेतेही ते बनवून देतात आणि ओळखीचा बेकर बहुधा बाटलीभर देतो. त्यामुळे वजन करणे, विरघळवणे आणि उरलेले मणी घरात साठवणे हे तिन्ही धोके एकदम टळतात.

मणी घेतलेच तर थंड पाणी आधी भांड्यात घ्यावे आणि त्यात सोडा थोडा थोडा टाकावा. कधीही सोड्यावर पाणी ओतू नये. लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम विरघळले तर तापमान फक्त दहाएक अंशांनी वाढते, पण तळाशी साचलेल्या सोड्यावर वरून पाणी पडले की तेवढ्या जागेतले पाणी उकळून अंगावर उडते. मोजमाप चमच्याने न करता वजनाने करावे, कारण सोडा हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि जुना सोडा पूर्वीसारखा तेज राहत नाही.

भांडे स्टेनलेस स्टीलचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे घ्यावे. ॲल्युमिनियमचे, म्हणजे आपल्याकडे 'जर्मनचे' म्हणतात ते भांडे, अजिबात नको. सोडा त्याला खातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. जस्ताचा किंवा कल्हईचा थर असलेले भांडेही टाळावे. काचेवर लाय हळूहळू परिणाम करते, शिवाय ओल्या मोज्यांतून काचेचे भांडे निसटले तर काय होईल याचा विचार करावा. आणि ज्या मुद्द्यावर येथे अजून कोणी बोलले नाही तो म्हणजे भाजण्याचा पत्रा. लाउगेने ओली वेटोळी उघड्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ठेवली तर ॲल्युमिनियम पावात उतरते. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने लाउगेच्या पावांतील वाढलेल्या ॲल्युमिनियमविषयी २००२ मध्येच आपले मत प्रसिद्ध केले होते. खाणाऱ्याच्या दृष्टीने माझ्या मते ब्रेत्सेलमधला खरा प्रश्न हाच आहे, आणि गंमत अशी की सोड्याला घाबरणारे लोक पत्र्याकडे लक्षही देत नाहीत. सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंग कागद किंवा स्टीलचा पत्रा वापरावा.

बेकरीत वेटोळी वळून झाल्यावर ती झाकण न घालता थंडीत ठेवतात. वरचा थर सुकून घट्ट होतो आणि द्रावण आत मुरत नाही, शिवाय वेटोळे उचलताना आकार बिघडत नाही. मग लांब मोजे, बंद चष्मा आणि पूर्ण बाह्या अशा वेशात प्रत्येक वेटोळे काही सेकंद बुडवायचे, निथळायचे, जाड मीठ टाकायचे आणि साधारण २२० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे भाजायचे. आमच्या श्वाबियात, म्हणजे श्टुटगार्टच्या परिसरात, वेटोळ्याच्या पोटाचा भाग जाड ठेवून त्यावर पात्याने चीर देतात आणि त्याचे हात बारीक, कुरकुरीत ठेवतात. बव्हेरियात चीर न देता साल आपोआप तडकू देतात. कोणते श्रेष्ठ यावर मी येथे बोलणार नाही, कारण धागाकर्ते म्युनिकचे आहेत. १८३९ साली म्युनिकच्या एका राजेशाही कॉफीगृहात बेकरने साखरेच्या पाण्याऐवजी चुकून भांडी घासण्याचे लाउगे वापरले आणि हा पाव जन्माला आला, ही कथा तेथे हमखास सांगतात. श्वाबियात अर्थातच वेगळी कथा सांगतात.

रात्रपाळी

भट्टीवाला यांनी सांगितलेला वेश घरीही तसाच हवा, आणि चष्मा नेहमीचा नको, बाजूंनी बंद असलेला हवा. मुले शाळेत किंवा बाहेर असतानाच हे काम करावे. द्रावणाचे भांडे ओट्याच्या कडेला ठेवू नये, आणि दार वाजले तर आधी भांडे झाकून मग दार उघडावे. हे शेवटचे वाक्य वाचून हसू येईल, पण अपघात बहुधा अशाच वेळी होतात.

शंकेखोर

माझा विरोध आता बराच सौम्य झाला आहे, तरी माझ्या घरी मी भाजलेल्या सोड्यापुढे जाणार नाही. ब्रेत्सेल खायचा असेल तर बेकरीतून आणीन आणि तो निःशंक मनाने खाईन, एवढा बदल या धाग्याने नक्कीच झाला. एक प्रश्न उरतो. काम झाल्यावर उरलेल्या लिटरभर द्रावणाचे काय करायचे? व्हिनेगर घालून निष्प्रभ करावे का?

सामू_चौदा

तीन टक्क्यांच्या एका लिटरमध्ये ३० ग्रॅम सोडा असतो आणि तो पूर्ण निष्प्रभ करायला ५ टक्क्यांचे सुमारे ९०० मिलिलिटर व्हिनेगर लागेल. त्याची गरज नाही. नळ सोडून भरपूर पाण्याबरोबर ते सिंकमध्ये हळूहळू ओतावे, पाइपातील थोडी चरबीही त्याबरोबर जाईल. फक्त त्याच वेळी सिंकमध्ये स्वच्छतागृहाचे ॲसिड किंवा दुसरे कोणतेही सफाईचे द्रव्य असता कामा नये. ओटा आधी ओल्या फडक्याने दोनदा पुसावा आणि मग व्हिनेगरचे फडके फिरवावे. घरात मुले असताना उरलेले द्रावण पुढच्या वेळेसाठी बाटलीत भरून ठेवू नये.

भट्टीवाला

सहमत. बेकरीत आम्ही ते ठेवतो, पण तेथे कुलूपबंद कपाट आहे आणि बाटलीवर नाव, तीव्रता आणि तारीख लिहिणे सक्तीचे आहे. म्युनिकवासी, तयार लाउगे आणलेत तर बाटलीवरची टक्केवारी वाचल्याशिवाय वापरू नका, कारण काही विक्रेते सौम्य करून घेण्यासाठी तीव्र द्रावणही विकतात आणि दोन्ही दिसायला सारखीच असतात.